ज्याने घेऊन जावे त्याने द्यावे

मिक्सरच्या चटणीच्या भांड्याची जी पावती मागे एकदा धाराशिवच्या एका दुकानात माझ्या हाती पडली, तिच्यावर भांड्याची किंमत यथास्थित होती, वस्तू व सेवा कराची केंद्र आणि राज्य यांच्यातील निम्मी-निम्मी वाटणी होती, पुन्हा येण्याचे अगत्याचे निमंत्रण होते, आणि या सर्व मजकुराच्या मधोमध, आपण येथे कोणाच्या परवानगीने आलो हे सांगण्याची तसदी न घेता, 'पिकअप शुल्क : रु. 20' अशी एक ओळ निर्विकारपणे उभी होती.

महसूल खात्यात अव्वल कारकुनी करण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला पावतीवरील कोणतीही रक्कम सबब विचारल्याशिवाय पचत नाही. शासनाच्या वतीने मी स्वतः जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा उपकर वसूल केला आहे, शिक्षण कर वसूल केला आहे, रोजगार हमीचा करही वसूल केला आहे, आणि त्या त्या वेळी शेतकऱ्यांनी उच्चारलेली माझ्या घराण्याविषयीची मते शांतपणे ऐकून घेतली आहेत; परंतु शेतकरी पैसे भरण्यासाठी आपल्या पायांनी चावडीवर आला, सबब त्याजकडून 'येण्याबद्दलचा आकार' घ्यावा, ही कल्पना ना निजामाच्या कोणा तालुकदारास सुचली, ना आमच्या कोणा तहसीलदारास.

"हे वीस रुपये कशाबद्दल?" मी काउंटरवरील तरुणास विचारले.

"पिकअपचे, काका."

"पिकअप कोणी केले?"

"तुम्ही."

"येडशीहून येथवर कोण आले?"

"तुम्हीच की."

"म्हणजे कष्ट माझे आणि मेहनताना दुकानाचा?"

तरुणाने क्षणभर संगणकाच्या पडद्याकडे पाहिले आणि म्हटले, "सिस्टीममधीच तसंय काका. आपल्या हातात काय नाही."

निजामाच्या अमदानीत हुजुरांचा हुकूम म्हटला की रयत निमूट होत असे. परंतु हुजुरांकडे निदान अर्ज करता येई, आणि तो दफ्तरात दाखल होऊन त्यावर वाळवी लागेपर्यंत तरी काही आशा राही. या सिस्टीमला ना कचेरी, ना आवक-जावक.

वस्तुतः त्या भांड्याप्रीत्यर्थ दुकानाने कोणते श्रम घेतले याची मी मनाशी तपशीलवार झडती घेतली, ती अशी. मोबाइलवर मागणी नोंदवली ती मी. रक्कम आगाऊ भरली ती मी. तो तरुण पार्सल आणण्यास आतल्या खोलीत गेला आणि तुळजापूरच्या कोणा बाईंच्या नावाचा टेबल-पंखा घेऊन बाहेर आला. तो परत ठेवून पुन्हा गेला आणि रिकाम्या हाताने आला. अखेर "काका, तुमीच या आत, बघा कुठं दिसतंय का," असे त्याने मला सन्मानपूर्वक पाचारण केले. मी जन्मजात सवयीने पादत्राणे उंबऱ्याबाहेर काढून त्या अंधाऱ्या खोलीत प्रवेश केला, आणि खोक्यांच्या थप्प्यांतून आडवा होत होत एका धुलाईयंत्राच्या मागून स्वतःचे भांडे स्वतःच हुडकून काढले. चिकटपट्टी कापण्यास कात्री नव्हती, म्हणून माझ्या घराच्या किल्लीने ती फाडली. ओटीपी माझ्या मोबाइलवर आला, तो मीच मोठ्याने वाचला. या संपूर्ण व्यवहारात दुकानाच्या वाट्याला जे कार्य आले, ते वीस रुपये घेण्याचे. आणि तेवढे मात्र त्याने अत्यंत तत्परतेने पार पाडले.

आता कोणी विचारील की, ही विकतची पीडा घेण्यापेक्षा वस्तू घरपोच का मागवली नाही? तर आमच्या मोबाइलमधील दुकानाचे येडशीविषयीचे मत फारसे अनुकूल नाही. 'आपल्या परिसरात घरपोच सेवा उपलब्ध नाही' असे ते नम्रपणे कळवते. सोलापूर-धुळे हा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावावरून जातो, बार्शी-लातूरचा रस्ता त्याला येथेच छेदतो, आणि अवघ्या हिंदुस्थानची पार्सले वाहणारे ट्रक रात्रभर आमच्या झोपेवरून धावत असतात. माझे चटणीचे भांडे बहुधा त्यांतल्याच एकात बसून माझ्या घरावरून पुढे धाराशिवास गेले असावे, आणि मग त्याला परत आणण्यासाठी मी त्याच रस्त्याने मागोमाग गेलो.

पत्त्याचीही एक स्वतंत्र कर्मकथा आहे. पिनकोडची योजना 15 ऑगस्ट 1972 रोजी देशात अमलात आली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याकडचेच, डाकखात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी. सहा आकड्यांत अखंड भारत बसवणाऱ्या त्या विद्वानाने सर्व काही योजले होते. तथापि पुढे 2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे अधिकृत नाव धाराशिव होणार आहे, हे त्यांना कसे ठाऊक असावे? आमच्या अ‍ॅपमध्ये पिनकोड घातला की जिल्ह्याच्या रकान्यात आपोआप 'उस्मानाबाद' उमटते. ते खोडून अभिमानाने 'धाराशिव' लिहिले की 'पिनकोड व जिल्हा जुळत नाहीत' असा लाल शेरा पडतो. ज्या प्रश्नावर मोर्चे निघाले, मंत्रिमंडळाचे ठराव झाले आणि न्यायालयात खटले चालले, तो आमच्या अ‍ॅपच्या लेखी अद्याप न्यायप्रविष्ट आहे, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत माझे भांडे धाराशिवच्या दुकानातच मुक्कामास राहणार, एवढाच त्याचा अर्थ.

व्यापाराशी आमच्या या मुलखाचा संबंध काही कालपरवाचा नव्हे. जवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर, आणि तेथील कापड बिनरस्त्याच्या प्रदेशातून गाड्यांवर लादून थेट भडोच बंदरास जात असे, अशी नोंद कोणा अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने सुमारे 2 हजार वर्षांपूर्वी 'पेरिप्लस' या ग्रंथात करून ठेवली आहे. भडोचला तो माल उतरवून घेणाऱ्या यवनास तगरच्या श्रेष्ठींनी 'बंदरावरून माल नेण्याचे शुल्क' लावल्याची नोंद मात्र त्यात नाही. लावले असते, तर त्या चिकित्सक लेखकाने ती निश्चित केली असती, कारण परदेशात आपणास कोणी कोठे नाडले हे लिहून ठेवण्याची हौस प्रवाशांना सर्वकाळ असते.

आगगाडीचे शास्त्र तर याहून निराळे होते. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नामक इंग्रज इंजिनियराने 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, आणि पुढे ती अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी बार्शीहून ब्रिटिश हद्द ओलांडून, आमच्या येडशीवरून निजामाच्या मुलखात लातूरपर्यंत धावू लागली. या हद्दीवर निजामाचे करोडगिरी खाते मालावर जकात घेई, ते निराळे. परंतु रेल्वेचा स्वतःचा कायदा मोठा सुबोध होता. माल उतरला की ठराविक मुदतीत येऊन तो सोडवून न्यावा. न नेल्यास, रेल्वेची जागा अडवल्याबद्दल वारफेज भरावे. आमच्या लहानपणी गावातले मोठे व्यापारी या वारफेजला सरसकट 'डॅमरेज' म्हणत, आणि ते चुकवण्यासाठी धोतराचा सोगा सावरीत स्टेशनाकडे धावत. म्हणजे रेल्वे दंड करी तो माल न नेणाऱ्यास; आमचे दुकान दंड करते ते नेणाऱ्यास. मी जर ते भांडे तेथेच कुजत ठेवले असते, तर सातव्या दिवशी ते आपोआप परत जाऊन माझे पैसे वीस रुपयांसकट मला परत मिळाले असते, असे त्या तरुणाने मला निघताना समजावून सांगितले, आणि त्या माहितीने माझ्या आनंदात कोणतीच भर पडली नाही.

सुविधेच्या नावाखाली ग्राहकास कोठे उभे करावे याविषयी व्यापाऱ्यांचे अद्याप एकमत झालेले दिसत नाही. रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढून तुम्ही खिडकीवरच्या कारकुनाचे श्रम वाचवलेत, तर 1 सप्टेंबर 2019 पासून साध्या वर्गासाठी 15 आणि वातानुकूलितासाठी 30 रुपये, शिवाय वर कर, असे सुविधा शुल्क तुम्हीच भरावयाचे. यूपीआयने भरल्यास काहीशी दया. सिनेमाच्या तिकिटावरील असल्याच शुल्कास महाराष्ट्र सरकारने 2013 आणि 2014 साली आदेश काढून मनाई केली होती, ते आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये रद्द ठरवले. धंदा कसा चालवावा हे मालकाने ठरवावे, आणि ज्याला शुल्क नको त्याने चित्रगृहाच्या खिडकीवर जाऊन तिकीट घ्यावे, असा साधारण त्याचा आशय. न्यायालयाच्या विद्वत्तेपुढे मी नतमस्तक आहे. माझी अडचण एवढीच की, सिनेमाच्या खिडकीवर न गेल्याचे शुल्क आहे, दुकानात गेल्याचे शुल्क आहे, आणि पूर्वी रेल्वेत उशिरा गेल्याचे होते; तेव्हा नेमके कोठे, किती वाजता आणि कोणत्या पायावर उभे राहिले असता मनुष्यास काहीच द्यावे लागत नाही, याचे एखादे परिपत्रक निघाल्यास बरे होईल.

यास अपवाद एकच, आणि तो गॅसचा. ग्राहकाने स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर वितरकाच्या गोदामातून स्वतः उचलून नेले, तर घरपोच वितरणाचा आकार किमतीतून वजा करून मिळावा, असा स्पष्ट नियम आहे. हा नियम मी एका गोदामात मोठ्या आवाजात म्हणून दाखवला असता, तेथील इसमाने माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिले की, ते सिलिंडर दुचाकीवर बांधण्यास त्याला मीच वर दहा रुपये दिले.

हा सर्व प्रकार मी इंग्लंडात नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यास दूरध्वनीवरून सांगितला, या आशेने की साहेबाच्या देशात तरी न्याय असेल. तो हसून म्हणाला, "मामा, इथं 2015 पासूनच चालू आहे. जॉन लुईसनं 30 पौंडांच्या खालच्या ऑर्डरला दुकानातून न्यायचे 2 पौंड लावले होते. माणूस दुकानात येतो, पण वस्तू गोदामातून दुकानात स्वतः चालत येत नाही ना!" युक्तिवाद बिनतोड होता. पूर्वी दुकानात वस्तू कशा येत असत, त्या काळी त्या चालत येत काय, असे विचारण्याचे माझ्या ओठांवर आले होते. पण परदेशाच्या दूरध्वनीचे पैसे पडतात या जुन्या धास्तीने, तो कॉल फुकट असूनही, मी आटोपता घेतला.

संध्याकाळी आमच्या किराणा दुकानदार अप्पांच्या ओट्यावर हा विषय मांडला, तेव्हा सर्व उपस्थितांनी वीस रुपयांचा एकमुखाने निषेध केला. निवृत्त गुरुजी म्हणाले की, ही लूट आहे. ट्रॅक्टरवाले पाटील म्हणाले की, ग्राहक मंचात जावे. चंदीगडला म्हणे 2019 साली 3 रुपयांच्या कागदी पिशवीपायी बाटा कंपनीस ग्राहक मंचाने 9 हजारांना बसवले. यानंतर गुरुजींनी अप्पांकडून पोहे घेतले, अप्पांनी सुट्टे नसल्यामुळे दोन रुपयांबद्दल दोन गोळ्या दिल्या, गुरुजींनी त्या विनातक्रार एक आपल्या व एक पाटलांच्या तोंडात घातली, आणि लुटीवरील चर्चा पुढे चालू झाली. आम्हां लोकांचे वैर पैशांशी नाही, ते छापील ओळीशी आहे. मोंढ्यात हमाली, तोलाई, कडता, पावतीवर न येणारे चहापाणी, हे सर्व आमचा शेतकरी मान खाली घालून सोसतो. परंतु कागदावर शुद्ध मराठीत 'शुल्क' म्हणून लिहून मागितलेत, तर तो त्या वीस रुपयांसाठी स्वखर्चाने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन भांडेल. मीही दुसऱ्याच दिवशी त्यासाठी गेलोच. स्वखर्चाने मात्र नव्हे.

येथे सांगणे प्राप्त आहे की, मी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आणि ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली माझ्या वयाच्या इसमास एस.टी.चा प्रवास राज्यभर मोफत आहे. या राजाश्रयाचा सुगावा आमच्या गल्लीस लागावयाचा तो लागला.

"भाऊजी, धाराशिवला निघालात जणू? आमचं एक पार्सल आलंय बघा दुकानात," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, आपणांस अर्धे तिकीट आहे की."

"मला अर्धं पडतंय, तुम्हाला फुकटच हाय की सगळं!"

या गणितास उत्तर नव्हते. हळूहळू मी गल्लीच्या लष्कराच्या भाकऱ्या भाजू लागलो. कोणाचे कुकरचे रबर, कोणाच्या नातवाची बॅटरीवरची मोटार, कोणाच्या सुनेची साडी, आणि प्रत्येकाच्या ओटीपीचे आकडे माझ्या वहीत, त्या त्या इसमाच्या नावापुढे, तालुक्याच्या दफ्तरास शोभेल अशा हस्ताक्षरात. पिकअप शुल्काचे वीस-वीस रुपये मी पदरचे भरी, आणि घरी आल्यावर ते मागण्याचा संकोच वाटे. ज्यांना संकोच वाटत नसे ते "सुट्टे झाले की देतो" म्हणत.

एका श्रावणी सोमवारी, हातात चार जणांची पार्सले असतानाच, वाट वाकडी करून मी रामलिंगाच्या दर्शनास गेलो. रामलिंगाची माकडे अभयारण्यातली, म्हणजे कायद्याने संरक्षित. त्यांतील एकाने माझ्या पिशवीतून नेमके अप्पांचे पार्सल उचलले, शिखरासमोरच्या झाडावर नेऊन ते सर्व भाविकांदेखत फोडले, आणि आतील काळा कलप बोटाने चाखून खाली फेकून दिला. अप्पांचे केस या वयातही काळेभोर कसे, यावर गेली कित्येक वर्षे गावात जो गंभीर वाद चालला होता, तो त्या माकडाने एका क्षणात निकालात काढला. पैसे परत मागण्यासाठी अ‍ॅपमध्ये कारण नमूद करावे लागते. 'माकडाने नेले' असा पर्याय तेथे नव्हता, म्हणून अप्पांनी 'वस्तू अपेक्षेप्रमाणे नाही' हा निवडला. ते माझ्याशी पुष्कळ दिवस बोलत नव्हते; पार्सले मात्र सांगत होते.

इकडे दुकानातील त्या तरुणाशी माझा स्नेह इतका वाढला होता की, मी आत जाताना आता पादत्राणेही काढीत नसे. एके दिवशी तो म्हणाला, "काका, अख्ख्या येडशीचा माल तुमीच नेताय. येडशीचा पॉइंटच घ्या की तुमच्या नावावर. गाडी घरी माल टाकून जाईल. लोकं येऊन घेऊन जातील. पार्सलमागं पाच रुपये सुटतील तुमाला."

सरकारी नोकरीत ज्या मनुष्यास कधी वरचा पैसा मिळाला नाही, किंवा निदान ज्याने तो मिळाल्याचे कधी बोलून दाखवले नाही, त्याच्या कानांना 'सुटतील' हे क्रियापद किती मधुर लागते, हे वाचकांनी कल्पनेनेच जाणावे. मी होकार दिला. ओसरीवर फळ्या मारल्या, एक जुनी नोंदवही काढली, आणि पार्सले हारीने मांडून प्रथम ग्राहकाची वाट पाहत बसलो.

प्रथम ग्राहक वहिनी. घरी आलेल्या बाईस उंबऱ्यातून कुकरचे रबर देऊन वाटेस लावावे, अशी रीत मराठवाड्यात अद्याप पडलेली नाही. तेव्हा चहा झाला. गुरुजी आले ते आपल्या व्याह्यांस घेऊन आले; व्याही मधुमेही, सबब त्यांचा बिनसाखरेचा निराळा. पाटलांनी नातवाची मोटार येथेच उघडून, तिच्यात सेल घालून, ती ओसरीभर चालवून पाहिली, आणि ती भिंतीस आपटून थांबेपर्यंत चहाबरोबर चिवडाही झाला. ज्यांचे पार्सल आले नव्हते, ते 'आले का' हे विचारण्यास येत, आणि नाही म्हटल्यावर चहा घेऊन जात. साडी न आवडलेली सून ती परत करण्यास आली, तेव्हा तिच्यासोबत ती न आवडण्याचे कारण सांगणाऱ्या तिच्या दोन जावा होत्या. पाच रुपयांच्या त्या मिळकतीवर दूध, साखर, पत्ती, गॅस, आणि मेलेल्या सेलांची विल्हेवाट असा बोजा दिवसेंदिवस चढत गेला, आणि मी माझ्या सुवाच्य नोंदवहीत तो नोंदवण्याचे शिताफीने टाळू लागलो.

आमच्या सौभाग्यवतींनी मात्र तो दुधाच्या कॅलेंडरावर रोज नोंदवला होता. महिनाअखेरीस त्यांनी ते कॅलेंडर भिंतीवरून काढून माझ्यापुढे आणून ठेवले, आणि अप्पा व गुरुजी समोर बसलेले असतानाच म्हणाल्या, "अहो, ह्यांना सांगा, धाराशिवला जाऊन घ्या आपापलं, आन् काय ते वीस रुपये भरा दुकानाला. वर दहा-दहा रुपये मी घालते माझ्याकडनं प्रत्येकाला."

गुरुजी गप्प राहिले. अप्पांनी बशीतला शेवटचा घोट घेतला, मिशीवर हात फिरवला, आणि विचारले, "दहा रुपये रोख देणार की वहिनी, का फोनवर टाकणार?"